अडुळसा: कुंपणातल्या औषधाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण अडुळशाला यमकासकट लागू पडते. कुंपणात झुडूप माजलेलं असतं आणि खोकला झाला की आपण बाटली आणायला बाहेर पडतो. याच्या उलटही होतं. कुणीतरी सांगितलं म्हणून पाला ओरबाडला जातो आणि नीट ओळख न पटवता वाटीभर रस पोटात जातो. या दोन्ही प्रकारच्या मंडळींकडून जे प्रश्न हमखास येतात, ते खाली घेतले आहेत.

अडुळसा ओळखायचा कसा?

कायम हिरवं राहणारं झुडूप आहे. छाटत राहिलं तर कमरेइतकं राहतं, मोकळं सोडलं तर अडीच-तीन मीटरपर्यंत वाढतं. पानं देठाला समोरासमोर येतात. ती भाल्याच्या पात्यासारखी, दोन्हीकडे निमुळती आणि साधारण १० ते २० सेंटिमीटर लांब असतात. कडांना दाते नसतात. फांदीवर जिथे पानं फुटतात ती पेरं किंचित फुगीर दिसतात. काटे नाहीत, आणि पान तोडल्यावर पांढरा चीकही येत नाही. चीक आला तर ते झुडूप दुसरंच काहीतरी आहे, तिथेच थांबा.

पान चुरगाळलं की एक उग्र वास येतो. वाळलेल्या पानाचा वास थोडा चहापत्तीच्या अंगाने जातो. चव कडू असते आणि ती तोंडातून लवकर जात नाही. पण ओळख पटवण्यासाठी कुठलंही अनोळखी पान चावून बघू नका.

शंका उरली तर फुलांची वाट पाहा. थंडीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत फांद्यांच्या टोकांना दाट तुरे येतात. तुऱ्यात हिरवी पानासारखी छदं एकावर एक रचलेली असतात आणि त्यांच्या मधून पांढरी फुलं डोकावतात. फूल दोन ओठांचं, जबडा उघडल्यासारखं असतं. खालच्या ओठावर गुलाबी-जांभळ्या रेषा असतात आणि पुंकेसर दोनच. हे फूल एकदा नीट पाहिलं की पुढे चूक होत नाही. नंतर गदेसारखी लहान बोंडं धरतात. त्यांत जास्तीत जास्त चार बिया असतात आणि वाळल्यावर बोंड तडकून त्या लांब उडतात.

याला इतकी नावं का?

संस्कृतात वासा, वासक, वृष, आटरूषक. फुलाच्या उघड्या जबड्यावरून सिंहास्य, म्हणजे सिंहाच्या तोंडाचा. आणि एक नाव आहे भिषङ्माता, वैद्यांची आई. औषधी वनस्पतींना नावं देताना जुने लोक उदार होतेच, तरी वैद्यांची आई म्हणायला तेवढा अनुभव पाठीशी असणार.

मला मात्र सगळ्यांत आवडतं ते शास्त्रीय नाव, कारण ते आपल्याच दक्षिणेतून आलं आहे. लिनियसने १७५३ साली या झुडपाला जस्टिशिया अधाटोडा असं नाव दिलं. जुन्या पुस्तकांत अधाटोडा वासिका असंही सापडतं, झाड तेच. यातल्या ‘अधाटोडा’चं मूळ तमिळमधल्या आडातोडै या नावाकडे जातं. आडु म्हणजे शेळी आणि तोडा म्हणजे न शिवणारी. शेळीसुद्धा ज्याला तोंड लावत नाही ते झाड! पुढच्या बहुतेक प्रश्नांचं उत्तर कुठेतरी या एका नावात दडलेलं आहे.

कुंपणाला अडुळसाच का लावतात? त्याला तर काटेही नाहीत.

काट्यांची गरजच पडत नाही. गुरं आणि शेळ्या पाला खात नाहीत, म्हणून वई टिकते. पानांत जी कडू अल्कलॉइडं आहेत तीच राखण करतात. याखेरीज फांदी खोचली की जगते, छाटली की बुंध्यापासून दाट फुटते, पाणी फारसं मागत नाही आणि बाराही महिने हिरवी राहते. निर्गुडी, कडू मेंदी, मोगली एरंड ही कुंपणातली इतर मंडळीही बहुतेक याच कारणाने तिथे पोचली आहेत.

शेळीला नकोशी वाटणारी ती कडू द्रव्यंच छातीतला कफ सोडवतात आणि जास्त झाली तर पोटही बिघडवतात. त्यामुळे ‘पालाच तर आहे, काय होतंय’ हे वाक्य अडुळशाच्या बाबतीत निदान शेळीला तरी पटणार नाही.

काळा अडुळसा म्हणजे हाच का?

नाही. काळा अडुळसा हे नाव एकाहून जास्त झुडपांना चिकटलं आहे. त्यातलं नेहमी दिसणारं म्हणजे काळपट-जांभळट खोडाचं आणि अरुंद पानांचं, शास्त्रीय नावाने जस्टिशिया जेंडारुसा. तेही कुंपणाला लावतात, तेही औषधी मानतात, पण ते वेगळं झुडूप आहे आणि त्याचे गुण वेगळे. केरळात तर आडलोटकमचे, म्हणजे तिथल्या अडुळशाचे, मोठा आणि लहान असे दोन प्रकार मानतात. त्यातला लहान म्हणजे वेगळीच जात आहे. या पानावर जे काही लिहिलं आहे ते पांढऱ्या फुलाच्या, मोठ्या पानाच्या अडुळशाबद्दल.

खोकल्यावर तो नेमकं काय करतो?

खोकला दाबत नाही, कफ पातळ करून बाहेर काढायला मदत करतो. हा फरक लोक विसरतात आणि मग ‘अडुळसा घेतला तरी खोकला चालूच’ अशी तक्रार करतात. पहिल्या दिवशी खोकला चालू राहणं, किंबहुना कफ सुटू लागल्यावर थोडा वाढल्यासारखा वाटणं, यात काही बिघडलेलं नसतं.

आयुर्वेदाच्या भाषेत अडुळसा रसाने कडू आणि तुरट, गुणाने हलका व कोरडा, वीर्याने, म्हणजे शरीरावरच्या परिणामाने, थंड आणि कफ-पित्त शमवणारा. ‘थंड’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. खोकल्याची बहुतेक घरगुती औषधं म्हणजे सुंठ, मिरी, पिंपळी, लवंग ही सगळी उष्ण. अडुळसा त्या गर्दीत वेगळा पडतो. म्हणून पिवळा, घट्ट, चिकट कफ, घशात जळजळ आणि अंगात कडकी असेल तर जुने वैद्य आधी याच्याकडे वळत. पांढरा, पातळ, पाण्यासारखा कफ असेल तर नुसता अडुळसा न देता सोबत सुंठ किंवा पिंपळी घालत. वासावलेहात, म्हणजे अडुळशाच्या चाटणात, त्याच्या रसाबरोबर पिंपळी, तूप, मध आणि साखर असते, त्यामागे हाच तोल सांभाळण्याचा विचार आहे.

आधुनिक रसायनशास्त्राने यातलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं. १८८८ साली डेव्हिड हूपर यांनी पानांतून वासिसिन हे अल्कलॉइड मिळवलं. नाव अर्थातच वासा या शब्दावरून. वासिसिनला हवा लागली की त्याचं वासिसिनोन होतं. प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत या दुसऱ्या द्रव्याने श्वासनलिका सैल केल्याचं दिसलं आहे.

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कफाच्या औषधाचा आणि अडुळशाचा काही संबंध आहे म्हणतात. खरं का?

खरं आहे, आणि ही गोष्ट जितकी सांगितली जायला हवी तितकी सांगितली जात नाही. घरातली कफ पातळ करणारी बाटली उचलून लेबल वाचा. त्यावर ब्रोमहेक्सिन किंवा अँब्रॉक्सॉल हे नाव असण्याची बरीच शक्यता आहे. ब्रोमहेक्सिन हे वासिसिनच्या रचनेवरून प्रेरणा घेऊन प्रयोगशाळेत घडवलेलं औषध, १९६० च्या दशकात वापरात आलं. शरीरात गेल्यावर ब्रोमहेक्सिनपासून जे सक्रिय द्रव्य तयार होतं ते अँब्रॉक्सॉल. पुढे तेही स्वतंत्र औषध म्हणून विकलं जाऊ लागलं. म्हणजे नातवंडं दुकानात आणि आजी कुंपणात!

यावरून ‘मग पालाच घ्या, गोळी कशाला’ असा निष्कर्ष मात्र काढू नका. गोळीत किती मिलिग्रॅम आहे ते छापलेलं असतं. पानात किती अल्कलॉइड आहे हे जमीन, ऋतू आणि पानाचं वय यांवर बदलत राहतं.

कोरड्या खोकल्याला चालतो का?

फारसा नाही. जिथे कफच नाही तिथे कफ सोडवणाऱ्याने काय करायचं? कोरड्या ठसक्याला ज्येष्ठमध बरा.

रस कसा काढायचा? मिक्सरमध्ये रसच सुटत नाही.

नाही सुटणार. अडुळशाचं पान तुळशीसारखं रसाळ नाही. नुसतं वाटलं की चोथा होतो. मग लोक पेलाभर पाणी ओततात, गाळतात आणि त्या हिरव्या पाण्याला रस म्हणतात. मीही सुरुवातीला तेच केलं होतं. ते पाणी रात्रभर तसंच ठेवलं तर सकाळी तोंडाजवळही नेववत नाही.

जुन्या वैद्यकाने यावर पुटपाक नावाची युक्ती काढली आहे. पानं धुऊन, वाटून त्यांचा गोळा करायचा. तो वडाच्या, जांभळाच्या किंवा एरंडाच्या पानांत गुंडाळून दोऱ्याने बांधायचा. वरून चिकणमातीचा बोटभर थर द्यायचा आणि गोळा निखाऱ्यात ठेवायचा. माती लालसर झाली की बाहेर काढून, फोडून, आतला गोळा गरम असतानाच फडक्यातून पिळायचा. वाफेने पेशी सैल झालेल्या असतात, त्यामुळे रस चांगला सुटतो.

घरी इतका खटाटोप कोण करणार? सोपा मार्ग असा: धुतलेली पानं चाळणीत ठेवून इडलीसारखी पाच-सात मिनिटं वाफवा, कोमट झाली की पाणी न घालता वाटा आणि सुती फडक्यातून पिळा. तत्त्व तेच, मातीचा पसारा नाही. रस लगेच वापरा, साठवू नका.

आणि काढा?

चार-पाच पानं तुकडे करून दोन कप पाण्यात टाका, मंद आचेवर अर्धा कप उरेपर्यंत आटवा आणि गाळून घ्या. कडूपणा झेपत नसेल तर खडीसाखर. मध घालायचा असेल तर काढा कोमट झाल्यावर. आलं-तुळस-मिरी सगळं एकदम ढकलू नका. दहा गोष्टींचा काढा प्यायल्यावर कशाने बरं वाटलं आणि कशाने पित्त झालं, ते कधीच कळत नाही.

किती घ्यावा?

भारताच्या आयुर्वेदिक औषधकोशात प्रौढ माणसासाठी ताज्या रसाची मात्रा १० ते २० मिली दिली आहे आणि काढ्यासाठी वाळलेली पानं १० ते २० ग्रॅम. ही वैद्याच्या हाताखालची मात्रा आहे. स्वतःहून घेणाऱ्याने चहाचा एक चमचा रस मधातून, दिवसातून दोनदा, इथून पुढे जाऊ नये. जास्त घेतला तर मळमळ, उलटी, जुलाब होतात. चार-पाच दिवसांत फरक पडला नाही तर मात्रा वाढवण्यात अर्थ नाही, छाती तपासून घ्या.

गरोदरपणात घेतला तर?

घेऊ नये. रस नाही, काढा नाही, अवलेह नाही, ‘आयुर्वेदिक आहे’ असं छापलेलं अडुळशाचं सिरपही नाही.

कारण अगदी स्पष्ट आहे. वासिसिन गर्भाशयाचं आकुंचन घडवतं. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत या गुणावर बरंच काम झालं. वासिसिन हे प्रसूतीच्या कळा आणणारं आणि गर्भपात घडवू शकणारं द्रव्य आहे, असं तिथल्या संशोधकांनी १९८० च्या आसपास मांडलं. जुन्या लोकांनाही याची जाणीव होती. अडलेल्या बाळंतिणीच्या नाभीवर अडुळशाच्या मुळीचा लेप लावण्याचा उपाय परंपरेत आहे. जे झाड अडलेलं बाळंतपण पार पडावं म्हणून वापरलं जायचं, ते पाचव्या महिन्यातल्या खोकल्याला देणं धोक्याचं आहे. दिवस राहिले असण्याची शंका असली तरीही हाच नियम. अंगावर पाजणाऱ्या आईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

लहान मुलांना?

एक वर्षाच्या आतल्या बाळाला अडुळसा आणि मध, दोन्ही नाही. मधातून बाळाला बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो, त्यामुळे ‘बोटाला लावून चाटवलं’ हेही नको. मोठ्या मुलांना वैद्याने वयानुसार मात्रा ठरवून दिली तरच. मूल धाप टाकत असेल, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर काढा उकळत बसायची ती वेळ नाही.

क्षयाला अडुळसा चालतो असं आजी सांगायची.

आजीचं चुकत नव्हतं, तिच्या काळी दुसरं काही नव्हतं. वासा हाताशी आहे आणि जगायची आशा आहे, तर रक्तपित्ताच्या, क्षयाच्या, खोकल्याच्या रोग्याने खचायचं कशाला, अशा अर्थाचा एक जुना श्लोक वैद्यमंडळी आजही म्हणून दाखवतात. पण त्या काळचा ‘क्षय’ म्हणजे शरीर झिजवणारा कुठलाही आजार, त्यात आजचा टीबी हा एक.

आज टीबीवर जंतू मारणारी औषधं आहेत. साध्या प्रकारात सहा महिन्यांचा कोर्स असतो आणि तो सरकारी केंद्रात मोफत मिळतो. ब्रोमहेक्सिनच्या कुळातल्या औषधांनी परीक्षानळीत क्षयाच्या जंतूंची वाढ रोखल्याची निरीक्षणं आहेत, पण परीक्षानळीत खोकणारा माणूस नसतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजनात घट यांपैकी काहीही असेल तर थुंकी तपासा. अडुळशाने खोकला थोडा हलका होतो, मग तपासणी महिनाभर लांबते आणि तेवढ्यात घरातल्या दुसऱ्याला लागण होते. अडुळशामुळे होणारं खरं नुकसान बहुतेक वेळा असं होतं.

रक्तपित्त म्हणजे काय, आणि त्यावर कसा देतात?

नाकातून, हिरड्यांतून, मूळव्याधीतून किंवा इतर मार्गाने रक्त जाणं, या सगळ्याला आयुर्वेदात रक्तपित्त हे एकच नाव आहे. कुष्ठरोगालाही बोलीत रक्तपिती म्हणतात, त्याच्याशी याचा संबंध नाही. अडुळसा थंड आणि तुरट म्हणून इथे पहिल्या मानाचा. उन्हाळ्यात घोळणा फुटणाऱ्यांना रस खडीसाखरेतून देण्याची पद्धत जुनी आहे. मात्र खोकल्यातून रक्त पडलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी घरगुती प्रयोग करूच नयेत.

मधुमेह आहे. अवलेह चालेल?

वासावलेहात साखर आणि मध भरपूर असतो. बहुतेक सिरपांतही साखर असते. काढा बिनसाखरेचा घेता येईल, पण साखरेच्या गोळ्या चालू असतील तर आधी विचारा. वासारिष्टात आंबवण्यातून आपोआप तयार झालेलं मद्यार्क असतं, तेही ध्यानात ठेवा.

दम्यासाठी वाळक्या पानांची विडी ओढतात, ते योग्य का?

अशी रीत होती, खरं आहे. पण धूर तो धूरच. आवळलेल्या श्वासनलिकेत धूर सोडून तिला आराम पडेल, हे मला कधी पटलेलं नाही. डॉक्टरांनी दिलेला इन्हेलर बाजूला ठेवून तर हा प्रयोग मुळीच नको.

बाहेरून लावायला उपयोग?

आहे, पण इथे फार अपेक्षा नको. पानं गरम करून सांध्यांना शेक देतात, खरजेवर वाटून लावतात, हिरड्या दुखत असतील तर काढ्याने चूळ भरतात.

मूळ आणि फूल वापरतात का?

दोन्ही. दक्षिणेत मुळाचा वापर जास्त आहे. पण मुळासाठी झुडूप उपटावं लागतं आणि पानांवर काम भागत असताना ते करण्यात शहाणपण नाही. फुलांचा साखरेत गुलकंद करतात. हिमाचलात या झुडपाला बसूटी म्हणतात, तिथे फुलं उकळून, कडू पाणी काढून टाकून त्यांची भाजीही करतात.

पानं वाळवून ठेवता येतात?

येतात. सावलीत, पातळ पसरून वाळवा. उन्हात रंग आणि गुण दोन्ही उतरतात. कोरड्या डब्यात ठेवा आणि वर्षभराने टाकून द्या. नाहीतरी दाराशी झुडूप असेल तर साठवण कशाला? तयार चूर्ण किंवा चुरा विकत घेताना मात्र जपून. वाळलेल्या, मोडलेल्या पानांत महारूखाच्या पानांची भेसळ होते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. अख्खी पानं मिळाली तर तीच घ्या.

रस्त्याकडेच्या कुंपणातली पानं तोडली तर?

गाड्यांचा धूर, धूळ आणि वरून कुणी काय फवारलं असेल कोण जाणे. शेताच्या बांधावरचं झुडूप असेल तर पलीकडच्या पिकावर कधी फवारणी झाली ते विचारूनच हात लावा. त्यापेक्षा एक फांदी तोडून आणा आणि घरी लावा.

लावायचा कसा?

अंगठ्याएवढ्या जाडीची, तीन-चार पेरांची फांदी पावसाळ्याच्या सुरुवातीला तिरपी खोचायची, दोन पेरं मातीत आणि बाकीची वर. पाणी साचायला नको, बाकी तक्रार नाही. कुंपण दाट हवं असेल तर फूट-दीड फुटावर एक. पहिल्या वर्षी शेंडे खुडले की बाजूने फुटवे येतात. कुंडीतही जगतो, फक्त कुंडी मोठी घ्या.

औषधाशिवाय काही उपयोग?

बरेच. पाला भातखाचरात हिरवळीचं खत म्हणून तुडवतात. पानं उकळली की पिवळा रंग निघतो. किडे लांब राहावेत म्हणून लोकरी कपड्यांत सुकी पानं ठेवतात. शेतकरी कीडनाशक अर्कासाठी ‘जनावरं खात नाहीत तो पाला’ गोळा करतात, त्यात काही जण अडुळसाही घालतात. याच्या लाकडाचा कोळसा पूर्वी बंदुकीच्या दारूतही जायचा.

फुलांवर भुंगे फार येतात. झुडूप काढून टाकावं का?

अजिबात नको. ते मोठे काळे भुंगे मधासाठी येतात आणि परागीभवन करून जातात. आपण वाटेत हात घातला नाही तर आपल्याकडे बघतही नाहीत. छाटणी करायचीच असेल तर तुरे वाळल्यावर करा.